त्याच्याच भल्यासाठी

दिवाळी अंकासाठी लिहावयास बसले म्हणजे विषय प्रसन्न हवा, असा एक संकेत आहे. वाचक दुपारचे जेवण आटोपून, चकलीचा तुकडा मोडीत अंक उघडणार. बाहेर पोरे फटाक्यांच्या वाटणीवरून भांडत असणार. अशा वेळी कोंडून घातलेल्या मुलांची गोष्ट काढणे म्हणजे मंगलकार्यात शिंकण्यासारखे आहे, हे मला कळते. तरी ती मी काढतो. घरातली सारी वडीलधारी माणसे एका जागी बसून एकच अंक हाताळतात असा प्रसंग वर्षातून दुसरा येत नाही. आणि ही गोष्ट वडीलधाऱ्यांनाच सांगावयाची आहे.

माझी ओळख थोडक्यात. मी पनवेलच्या एका शाळेत चित्रकला शिकवितो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. शिक्षण मॅट्रिक, पुढे चित्रकला-शिक्षकाची पदविका घेतली, तिच्यावर संसार चालला आहे. तत्त्वज्ञानाशी माझा संबंध वाचनालयातल्या एका कपाटापुरता. पण गेले काही महिने एका प्रश्नाने माझा पिच्छा पुरविला आहे, आणि तो त्या कपाटातलाच असावा असे मला वाटते. दुसऱ्याचे भले करताना त्याला दुखविण्याचा अधिकार आपल्याला कुठवर असतो? आणि 'यात माझे भले नाही' असे तोच सांगू लागला, तर त्याचे ऐकायचे की नाही?

प्रश्न मनात आला तो एका चित्रपटामुळे. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी भाची आली होती. तिला चित्रपटांचे वेड, आणि तेही ज्यांची नावे कोणी ऐकली नाहीत अशा चित्रपटांचे. "मामा, हा बघ, नट्याबिट्या नाहीत यात," असे म्हणून तिने एका दुपारी संगणकावर एक अमेरिकन चित्रपट लावला. नाव 'ओव्हर द जी. डब्ल्यू.', साल २००७. जी. डब्ल्यू. म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन पूल. हडसन नदीवरचा हा पूल ओलांडला की न्यूयॉर्कमधून माणूस न्यू जर्सीत येतो. ब्राँक्समधला एक मुलगा व्यसनात सापडतो, आणि हवालदिल झालेली आई त्याला पुलापलीकडच्या एका सुधारणा-केंद्रात घालते. त्याची बहीणही तेथे जाते. पुढचे सगळे त्या बंद खोल्यांत घडते. निक गॅग्लिया या दिग्दर्शकाने हा चित्रपट थोडक्या पैशांत काढला. तो स्वतः पोरवयात अशाच एका केंद्रात दिवस काढून आलेला. कॅमेरा हलतो, उजेड कमी-जास्त होतो; चित्रकलेचा मास्तर म्हणून मला त्यात चुका काढता आल्या असत्या. पण अर्ध्या तासाने मी चुका काढावयाचे विसरलो.

भाचीने मग त्यामागची हकीकत सांगितली, आणि पुढे मी जमेल तसे वाचले. ही केंद्रे एकाएकी उगवली नव्हती. १९५८ साली कॅलिफोर्नियात 'सिनॅनॉन' नावाची व्यसनमुक्तांची वसाहत निघाली. माणसाला गोलात बसवून सर्वांनी मिळून त्याची लक्तरे काढायची, म्हणजे तो शुद्ध होतो, ही तिची रीत. ती रीत १९७०च्या सुमारास फ्लॉरिडातल्या 'द सीड' या संस्थेने मुलांसाठी उचलली. तिथल्या उपचारांची तुलना अमेरिकेच्या सेनेटच्या एका उपसमितीने १९७४ साली उत्तर कोरियात युद्धकैद्यांवर झालेल्या मेंदूधुलाईशी केली. एवढे झाल्यावर तो प्रकार थांबावा की नाही? दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, त्याच राज्यात, त्याच धर्तीवर 'स्ट्रेट' ही संस्था निघाली आणि तिच्या शाखा राज्याराज्यांतून पसरल्या. आईबापांची रीघ लागली. १९८५ साली नॅन्सी रेगन आणि इंग्लंडची राजकुमारी डायना या दोघी एका शाखेला भेट देऊन कौतुक करून गेल्या. त्याआधी वर्षभर, १९८४ मध्ये, 'स्ट्रेट'मधूनच बाहेर पडलेल्या एका गृहस्थाने न्यू जर्सीत 'किड्स' नावाचे केंद्र काढले होते.

या केंद्रांतली एक रीत मला विसरता येत नाही. नव्या मुलाच्या पँटच्या पट्ट्यात मागून जुन्या मुलाने हात खुपसून धरायचा आणि असेच त्याला जेथे-तेथे न्यायचे, संडासालासुद्धा. आपण गुराला दाव्याने नेतो, पण दावे निदान हातभर लांब असते. रात्री या नव्या मुलांना जुन्या मुलांच्या घरी निजावयास नेत, आणि खोली बंद करीत. पत्र नाही, फोन नाही. 'किड्स'मध्ये एक मुलगी तेराव्या वर्षी आत गेली आणि पुढे तेरा वर्षे तेथेच होती. २००३ साली तिला पासष्ट लाख डॉलरची भरपाई मिळाली. तोवर केंद्र केव्हाच बंद पडले होते.

आता मुद्द्याची गोष्ट. या सर्व ठिकाणी आईबापांना पहिल्याच दिवशी बजावून ठेवीत: तुमचे मूल काहीबाही सांगेल, मारतात म्हणेल, उपाशी ठेवतात म्हणेल, विश्वास ठेवू नका, व्यसनी मूल लबाड असते आणि घरी येण्यासाठी ते वाटेल ते बोलेल. किती साधी, आणि किती पक्की व्यवस्था पाहा! कुलपे तुटतात, भिंतींवरून उड्या मारता येतात. पण जे बोलायचे तेच आजाराचे लक्षण ठरविले, तर मुलाने पळून जाऊन सांगावयाचे कोणाला? तक्रार जितकी मोठी, तितका रोग खोल. आणि मूल गप्प बसले तर? तर गुण आला.

न्यू जर्सी आपल्याला लांब आहे. कळंबोली मला रिक्षाच्या अंतरावर आहे.

पनवेलच्या 'कल्याणी महिला बालक सेवा संस्थे'चे प्रकरण कित्येकांच्या विस्मरणात गेले असेल. त्याची सुरुवात पनवेलला झाली नाही. ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या कवडास येथील मतिमंद मुलांच्या वसतिगृहात मुले कुपोषणाने दगावल्याची बातमी २०१० मध्ये वर्तमानपत्रात आली, तिची मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली, आणि टाटा समाजविज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी यांच्या नेतृत्वाखाली अशा वसतिगृहांची पाहणी सुरू झाली. त्या चौकशीच्या ओघात २०११ साली आमच्या पनवेलच्या संस्थेतला प्रकार उघड झाला. तिथल्या मतिमंद मुलींवर अत्याचार झाले होते, आणि अत्याचार करणाऱ्यांत संस्थेचा संस्थापक स्वतः होता. मार्च २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला फाशीची शिक्षा सुनावली, इतरांना सक्तमजुरी. पुढे उच्च न्यायालयात खुनाचा आरोप टिकला नाही आणि फाशी रद्द होऊन दहा वर्षांची शिक्षा राहिली.

नावात 'कल्याणी', नावात 'सेवा'. यावर उपरोधाने लिहिणे फार सोपे आहे. मी लिहीत नाही, कारण याच तालुक्यात नेऱ्याला कुष्ठरोग्यांसाठी शांतिवन उभे आहे, ताऱ्याला युसूफ मेहेरअली सेंटर आहे, आणि सेवा हा शब्द तेथे खऱ्या अर्थाने चालतो. मला बोचले ते दुसरेच. त्या मुली काही सांगत नव्हत्या असे नाही. ज्याला बोलता येत नाही त्याचे डोळे, अंग चोरून बसणे, पायरव ऐकताच दाराकडे पाहणे, हे सगळे सांगणेच असते. पण त्या मतिमंद. त्यांना काय कळते? न्यू जर्सीत 'लबाड' हा शब्द जे काम करीत होता, ते काम येथे 'मतिमंद' हा शब्द करीत होता. ज्याच्या भल्यासाठी संस्था काढली त्याचीच साक्ष संस्थेच्या पहिल्या दिवशी रद्द झालेली होती.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत वर्तमानपत्र मी मोठ्याने वाचून दाखविले. मला चांगले आठवते, माझा आवाज थरथरत होता. "आपल्या गावात, आपल्या नाकाखाली!" असे काहीतरी मी बोललो. सगळ्यांनी माना हलविल्या. कोणीतरी चहा मागविला.

त्याच दिवशी, त्याच वेळी, माझ्याच चिठ्ठीने गेलेला एक मुलगा दुसऱ्या एका जिल्ह्यातल्या एका केंद्रात होता.

हे सांगितल्याखेरीज हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही, म्हणून सांगतो. मुलगा नववीतला. हात विलक्षण चांगला. एलिमेंटरीच्या परीक्षेत त्याला 'अ' श्रेणी मिळाली होती. वडिलांचा मंडईत भाजीचा गाळा. पोरगा व्हाइटनर हुंगू लागला. पुसण्याच्या त्या पांढऱ्या द्रवात माणसाला पुसून टाकण्याची शक्ती असते हे मला तोवर ठाऊक नव्हते. तो शाळा चुकवू लागला, घरातून पैसे जाऊ लागले, मग आईची बांगडी गेली. एका संध्याकाळी वडील माझ्या दारात आले आणि खुर्चीवर न बसता उंबऱ्यावरच बसले. "सर, मारून बघितलं, देवाला नेऊन बघितलं. आता तुम्हीच कायतरी करा." एका सभेत माझी एका केंद्रचालकांशी ओळख झाली होती. गृहस्थ मृदू बोलत, पांढरा सदरा घालीत, आणि माझी एक कादंबरी त्यांनी वाचली होती. आता हसू येते, पण खरे सांगतो, कादंबरी वाचलेला मनुष्य वाईट असू शकेल हे माझ्या मनात आले नाही. मी चिठ्ठी दिली. जानेवारी २०१३.

चालकांनी वडिलांना जे सांगितले ते वडिलांनी मला येऊन सांगितले: पहिले तीन महिने भेट नाही, फोन नाही, आणि मुलगा काही सांगू लागला तर मनावर घेऊ नका, या पोरांना खोटे बोलण्याची सवयच असते. मला ते बोलणे मोठे शास्त्रीय वाटले. वैद्याने पथ्य सांगावे तसे.

मे महिन्यात मुलगा परत आला. वाळला होता. वडील पेढे घेऊन आले. "पोरगं सुधारलं, सर. उलट बोलत नाय, मान वर करत नाय." जूनमध्ये वर्गात मी 'आठवणीतले चित्र' असा विषय दिला. मुलांनी नेहमीप्रमाणे डोंगर काढले, नारळाची झाडे काढली, एकाने कर्नाळ्याचा सुळका काढला. या मुलाने एक दार काढले. नुसते दार, आणि त्याला बाहेरून कडी. मी त्याच्यापाशी गेलो, कागद उचलला आणि म्हणालो, "रेषा छान आहे रे, पण कडीची सावली वर कशी पडेल? उजेड वरून येतो, सावली खाली हवी." त्याने खोडरबर घेतले आणि सावली खाली केली.

दोन-तीन आठवड्यांनी वर्ग सुटल्यावर तो मागे राहिला. फलक पुसला, डस्टर जागेवर ठेवले, आणि म्हणाला, "सर, तिथं मारतात." मी म्हणालो, "तू असं सांगशील, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं." मी रागावून बोललो नाही, उलट हसून, त्याच्या खांद्यावर हात ठेवून बोललो. तोही थोडा हसला. दप्तर उचलून गेला. पुढे त्याने माझ्याशी चित्राखेरीज काही बोलणे काढले नाही, आणि दहावीआधीच शाळा सोडली.

कळंबोलीसाठी माझा आवाज थरथरला होता. तो खोटा नव्हता. पण परक्या माणसाच्या दुष्टपणावर संतापणे आणि आपण ज्याला चिठ्ठी दिली त्याच्यावर शंका घेणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीने माणूस मोठा होतो, निदान त्याला तसे वाटते; दुसरीने आपलीच मान खाली जाते.

येथे कोणी विचारील, मग काय करावे? पोराला व्हाइटनर हुंगू द्यावे? सक्ती मुळी करूच नये? मी तसे म्हणत नाही. तो बाप उंबऱ्यावर बसला होता हे मी विसरलेलो नाही, आणि काहीच न करणे हाही त्या वेळी गुन्हाच झाला असता. माझ्या लहानपणी मला हिवताप आला तेव्हा आई नाक दाबून कडू काढा पाजी, आणि मी लाथा झाडी. ती सक्तीच होती. साने गुरुजींच्या श्यामला आईने शिंपटीने मारीत पोहावयास पाठविले, ती कथा वाचून आपण सगळे वाढलो. मी पुष्कळ दिवस विचार केला की, त्या मारात आणि या मारात भेद कोठे आहे. प्रेमात, असे उत्तर चटकन येते. पण ते पुरत नाही, कारण त्या केंद्रांतली माणसेही प्रेमाचे नाव घेतात, आणि काहींना तसे मनापासून वाटतही असेल. मला सापडलेला भेद साधा आहे. माझे रडणे साऱ्या वाड्याला ऐकू जाई. शेजारच्या काकू येऊन आईला म्हणत, "अगं, ठसका लागेल त्याला, थोडं थांब." आणि आई थांबे. रडणे हे दुखत असल्याची खूण म्हणूनच सर्वजण घेत. तो तापाचा चाळा आहे असे कोणी म्हणत नसे. श्यामचेही अंगावरचे वळ आईने पाहिले. सक्ती करणारा हात आणि ते रडणे ऐकणारा कान एकाच घरात होते.

कपाटातल्या पुस्तकांत मिल या इंग्रज तत्त्वज्ञाचे स्वातंत्र्यावरचे पुस्तक आहे, १८५९चे. प्रौढ माणसाला त्याच्या भल्यासाठीसुद्धा सक्ती करू नये, असे त्यात मोठ्या आवेशाने मांडले आहे. मात्र दोघांना त्याने त्यातून वगळले: मुलांना, आणि मागासलेल्या समाजांना. हा मिल ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत पस्तीस वर्षे नोकरीत होता! म्हणजे त्या वगळलेल्यांत आपले पणजोबाही बसत होते. त्यांनी गाऱ्हाणे केले तर ते अपक्वतेचे लक्षण. गप्प बसले तर राज्य सुखाचे. आणि साहेबाला नावे ठेवून आपल्याला सुटता येत नाही. १८७१च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले; सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये काटेरी तारांच्या आत त्यांची पोरेबाळे हजेऱ्या देत मोठी झाली. त्यालाही 'सुधारणा' असेच म्हणत. १९५२ साली तो शिक्का कायद्याने पुसला; पण गावात चोरी झाली की पारध्याच्या पालाकडे बोट दाखविणारे लोक साहेबाच्या देशातून आलेले नव्हते.

मुलांवर सक्ती करावी लागते. तशी ती मिलनेही मानली. पण आपल्यावर सक्ती केली गेली तेव्हा आपण काय मागत होतो? सक्ती नको हे तर खरेच. पण त्याच्याही आधी, आमचे म्हणणे म्हणणे म्हणून ऐका, एवढेच.

मी शाळेत नोकरी करतो, त्यामुळे तपासणी म्हणजे काय हे मला माहीत आहे. साहेब येणार त्या दिवशी जिना फिनेलने धुतात, नकाशे टांगतात, हुशार पोरे पुढच्या बाकांवर येतात. मी स्वतः व्हरांड्यात रांगोळ्या काढून दिल्या आहेत. साहेब दप्तर पाहतात, मुख्याध्यापकांच्या खोलीत फराळ करतात आणि समाधानाचा शेरा देतात. नॅन्सी रेगन आणि राजकुमारी डायना यांनी १९८५ साली जे पाहिले ते याहून फार निराळे असेल असे मला वाटत नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'कोशिश' या पथकाने २०१७ मध्ये बिहारमधल्या निवाऱ्यांची पाहणी केली, तेव्हा त्यांनी एक साधी गोष्ट जास्तीची केली: ते मुलांपाशी बसले आणि बोलले. मुजफ्फरपूरच्या बालिकागृहातला प्रकार २०१८ साली उजेडात आला तो त्यामुळे. २०२० मध्ये मुख्य आरोपीला जन्मठेप झाली. वह्या-दप्तरे तेथेही होतीच.

चांगली केंद्रे नाहीत असा समज कोणी करून घेऊ नये. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, मुक्तांगण उभे केले; तेथून बरी होऊन आलेली माणसे आपल्यातून हिंडताफिरताना दिसतात. गंमत अशी, की तेथेही जुना व्यसनी नव्याला सांभाळतो. कित्येक बरे झालेले रुग्ण तेथेच काम करतात. पद्धत वरवर तीच. पण जुन्याने नव्याचा हात हातात घेणे आणि जुन्याने नव्याच्या कमरेच्या पट्ट्यात हात खुपसणे, यांत जे अंतर आहे ते कोठल्याही नियमावलीत लिहिता येईल असे वाटत नाही. थोडेसे लिहिता येते. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दाखल झालेल्या माणसाला भेटी घेण्याचा आणि ठराविक वेळी फोन करण्याचा हक्क दिला आहे. 'तीन महिने फोन नाही' असे कोणी सांगितले तर पालकांनी आता त्याला एवढे तरी विचारावे.

चित्रपट पाहिल्यावर मी त्या मुलाला शोधून काढले. शोधावे कसले, तो येथेच आहे. तिशीकडे झुकला आहे, स्वतःचा टेम्पो चालवितो. मंडईपाशी त्याने मला पाहिले की नेहमी "नमस्कार, सर" म्हणतो, आणि मी नेहमी घाईत असल्यासारखा पुढे जातो. या वेळी थांबलो. वडाळे तळ्याच्या कठड्यावर आम्ही बसलो. माफी कशी मागावी हे शिक्षकाला नीट येत नाही. मी बरेच अडखळलो. तो म्हणाला, "सर, तुम्ही एकटे नव्हता. बाबांनीपण नाही ऐकलं. आईनं ऐकलं होतं. पण आईचं कोण ऐकतं?"

व्यसन सुटले का, असे मी विचारले. सुटले म्हणाला, पण तेथे नाही, पुढे दोन-तीन वर्षांनी, गाडीवर क्लीनर म्हणून लागला तेव्हा. त्याचे वडील मात्र आजही म्हणतात की, सरांच्या चिठ्ठीने पोरगा वाचला. तो त्यांना काही बोलत नाही. "म्हातारे झालेत, सर. आता कशाला."

मग मी दाराच्या चित्राची आठवण काढली. ती त्याला होती. "तुम्ही सावली खाली करायला लावली," तो म्हणाला, आणि त्यात रागाचा लवलेश नव्हता, तो मला जागेची माहिती देत होता. "तिथं पॅसेजमध्ये ट्यूबलाइट खाली, जमिनीलगत लावलेली होती. सावली वरच जायची."

मी या लेखाबद्दल सांगून परवानगी मागितली. लिहा म्हणाला, नाव नको.

नुकताच, गणपती उठल्यावर, एक गृहस्थ माझ्याकडे आले. मुलगा सातवीत, रात्र-रात्र मोबाइलवरचा खेळ खेळतो, काढून घेतला तर आईच्या अंगावर धावून जातो. त्यांना एका केंद्रासाठी चिठ्ठी हवी होती. मी म्हणालो, "चिठ्ठी देतो, पण आधी आपण दोघे जाऊन जागा पाहू, आणि आठ दिवसांनी मी मुलाला एकटा भेटेन, चालकांना बाजूला ठेवून." ते बराच वेळ गप्प बसले. शेवटी म्हणाले, "सर, तुम्ही लेखक माणसं फार विचार करता," आणि उठले. चिठ्ठी त्यांनी दुसऱ्या कोणाकडून घेतली. मुलगा सध्या वर्गात नाही.

परवा त्यांच्या घरी जाऊन मी केंद्राचा पत्ता मागून आणला. मुलाच्या आईने तो कागदावर लिहून दिला, आणि त्याच कागदाच्या मागे मुलाला काय आवडते तेही लिहून दिले: शेव, आणि खोबऱ्याची वडी. एकट्याने जाण्याचा मला धीर होईना, म्हणून टेम्पोवाल्याला विचारले. तो थोडा वेळ स्टिअरिंगवर बोटे वाजवीत राहिला. मग म्हणाला, "गुरुवारी गाडी मोकळी आहे, सर. सकाळी सहाला निघू."